उलट्या पेडलांची गिटार

क्राल्स प्रेरी आणि आसपासच्या गावांत एक रिवाज होता. स्टील गिटार वाजवणारा गेला, की त्याच्या अंत्यविधीला दुसऱ्या स्टीलवाल्यानं वाजवायचं, आणि तेही गेलेल्याच्याच गिटारीवर. हा रिवाज कुणी सुरू केला ते कुणालाच सांगता येत नसे. ज्यानं केला तो बहुधा स्वतःच्या अंत्यविधीची काळजी लागलेला माणूस असावा.

अर्विन कोवार आजवर सगळ्यांसाठी वाजवत आला होता. रॉयस टिडवेल गेल्याचा फोन आला तेव्हा तो मोरीपाशी उभा राहून, मीठ लावून टोमॅटो खात होता. बायको गेल्यापासून ताट वाढून घ्यायची त्याची सवय सुटली होती.

"अर्विन, रॉयस गेला रे," रॉयसची बायको नेल्डा म्हणाली. "खुर्चीतच. मी अंडी तळत होते, त्याला हाक मारली तर ओ देईना. मला वाटलं नेहमीसारखं ऐकू आलं नसेल."

अर्विननं गॅस बंद केलास का, असं विचारलं.

"केला. शनिवारी दुपारी हॉलमध्येच करायचंय सगळं. चर्च नको म्हणायचा तो. नाचाच्या हॉलमध्ये वाजवतो म्हणून आयुष्यभर त्यांनी नाकं मुरडली, आता कशाला त्यांच्या दारात जायचं? तू वाजवशील ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"त्याच्या गिटारीवर."

"त्याच्या गिटारीवर," अर्विन म्हणाला, दात उपटून घ्यायची वेळ ठरवल्यासारखा.

फोन ठेवल्यावर तो उरलेल्या टोमॅटोकडे बघत राहिला. जिल्ह्यात दोनच स्टीलवाले उरले होते. रॉयससाठी वाजवायला अर्विन होता. अर्विनसाठी वाजवायला रॉयस होता, आजच्या सकाळपर्यंत.

स्टीलवाल्याला तसं एकटेपण नवं नसतं. बाकी सगळे उभे असतात. तो मागे बसलेला. पुढ्यात इस्त्रीच्या टेबलासारखं वाद्य, डाव्या हातात तारांवरून फिरवायची पोलादी कांडी, उजव्या बोटांना नख्या. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर, आणि गुडघ्यांनी ढकलायचे दांडे वेगळेच. इतकी कामं एका वेळी करणाऱ्या माणसाला हसून प्रेक्षकांकडे बघायला सवड मिळत नाही. हॉलच्या भिंतीवर जुन्या बँडांचे फोटो लावले आहेत. त्यांत गायक आहेत, फिडलवाले आहेत, एकात तर कुणाचा तरी कुत्रासुद्धा आहे. अर्विन मात्र एकाच फोटोत आहे, आणि त्यातही गायकाच्या विजारीमागून त्याचा एक कोपर तेवढा दिसतो. रॉयस म्हणायचा, "तुझा कोपर तरी आला, लेका. मी तर पडद्याची घडी म्हणून आलोय."

दिवसा रॉयस गॅसच्या टाक्या पोचवायचा आणि अर्विन कापसाच्या जिनिंगवर काम करायचा. शनिवारी संध्याकाळी दोघं दोन वेगवेगळ्या हॉलांत वाजवायचे, कारण एका बँडला दोन स्टीलवाले लागत नाहीत. त्यामुळे जन्माची मैत्री असूनही त्यांनी एकत्र असं कधी वाजवलंच नाही. रविवारी भेटून भांडायचे मात्र न चुकता.

भांडण पेडलांचं होतं. सूर बदलणारी ती डाव्या पायाखाली तीन असतात. अर्विनच्या गिटारीला ती एका क्रमानं होती, रॉयसच्या गिटारीला नेमकी उलट. मधलं तेवढं दोघांचं सारखं. डावं कुठलं आणि उजवं कुठलं यावर स्टीलवाल्यांत दोन पंथ आहेत, आणि एका पंथातून दुसऱ्यात गेलेला माणूस क्राल्स प्रेरीत कुणी पाहिलेला नाही. बाप्टिस्टाचा कॅथलिक झालेला एक पाहिलाय.

"माणसाचा घोटा निसर्गतः बाहेर वळतो," रॉयस म्हणायचा.

"तुझा वळत असेल. गाढवाचाही वळतो."

शुक्रवारी नेल्डाच्या भाच्यानं रॉयसची गिटार अर्विनच्या गॅरेजात आणून ठेवली. अर्विननं ती पुसली, तारा बदलल्या, मग उलटी करून पोटातल्या, पेडलांना तारांशी जोडणाऱ्या सळया बघितल्या. त्या सोडवून अदलाबदल करणं अवघड नव्हतं. दुपारभराचं काम. हॉलमधल्या एकाही माणसाला ते कळलं नसतं. त्यानं पाना हातात घेतलासुद्धा. पण रॉयसला उलटून बोलता येत नसताना त्याला वादात हरवायचं, हे काही बरं दिसेना. अर्विननं पाना जागेवर ठेवला, खुर्ची ओढली आणि तो सरावाला बसला. मेंदूनं पायाला सांगून बघितलं. पायानं ऐकून घेतलं आणि नेहमीचं तेच केलं.

तेवढ्यात ब्रदर कोडी आला. हा तरुण पाद्री. चर्चमध्ये नाही तर नाही, पण प्रार्थना तरी आपली व्हावी म्हणून त्यानं नेल्डाला गळ घातली होती.

"मिस्टर अर्विन, तुम्हाला या वयात त्रास होणार असेल तर राहू द्या. माझ्या फोनवर स्टील गिटारच्या छान छान धुना आहेत. स्पीकरला जोडला की झालं."

"कुणाच्या आहेत?"

"नावं नाही बघितली. शांत वाटतं ऐकून."

"मला त्रास नाही," अर्विन म्हणाला. पण पाद्री गेल्यावर त्याला स्वतःची शवपेटी दिसली, आणि शेजारी स्टुलावर तो फोन.

शनिवारी हॉल निम्मा भरला. नाचताना पाय सहज सरकावेत म्हणून जमिनीवर पूर्वी मक्याचं पीठ भुरभुरायचे. आज खुर्च्या मांडल्या होत्या. अर्विन व्यासपीठावर बसला, आणि गंमत म्हणजे पुढे कुणीच उभं नव्हतं. सगळे त्याच्याचकडे बघत होते. कुठे बघावं ते न कळून त्यानं तारांकडे बघितलं.

नाच संपवताना वाजायचा तो वॉल्ट्झ त्यानं धरला. पहिला भाग मधल्या पेडलवर निभावला. मग ती जागा आली, जिथे दोन पेडलं एकदम दाबली की सूर उजळत वर जातो आणि नाचणारे एकमेकांना जरा जवळ ओढतात. पाय आपल्या सवयीच्या जागी गेला. सूर उजळायच्या ऐवजी काळवंडला. सकाळ व्हायची तिथे संध्याकाळ झाली.

अर्विननं कांडी सरकवून सावरलं, पण पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तोवर पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले होते. मागे कुणीतरी हुंदका दिला. ब्रदर कोडीनं डोळे मिटले. हॉलमध्ये तो वॉल्ट्झ इतका दुःखी कुणी ऐकला नव्हता, कारण तो दुःखी नव्हताच.

नेल्डाचे खांदे गदगदत होते. शेजारणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. अर्विनला व्यासपीठावरून नीट दिसत होतं, की ती हसत होती.

नंतर सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि जर्दाळू भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव झाले. लोकांनी अर्विनचा हात हातात घेऊन सांगितलं की काळजाला हात घातलात. तो मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. नेल्डा कागदी ताटली घेऊन शेजारी येऊन टेकली.

"दोनदा चुकलास."

"तीनदा. एक झाकली."

"रॉयस असता तर खुर्चीतून पडला असता. सळया बदलल्या का नाहीस?"

"वेळ नव्हता."

"खोटारड्या," ती म्हणाली आणि अर्धा कोलाचे त्याच्या हातात दिला.

थोडा वेळ दोघं खात राहिले. मग अर्विन म्हणाला, "माझ्या वेळी तो पाद्री पोरगा फोनवरची गाणी लावेल."

"मी लावू द्यायची नाही."

"मग काय करशील? वाजवायला कोण आहे?"

नेल्डानं विचार केला. तिला वाजवता येत नव्हतं, आणि धीर द्यायचा म्हणून काहीबाही बोलायची तिची पद्धत नव्हती. "कुणी नाही," ती म्हणाली. "तुझी गिटार वर मांडून ठेवीन. तुझं गाणं जेवढा वेळ चाललं असतं तेवढा वेळ सगळ्यांना गप्प बसवीन. कोडीलासुद्धा."

"त्याला झेपेल?"

"न झेपायला काय झालं? मी शेजारी बसेन ना त्याच्या. आणि मी तुझ्याआधी गेले तर तुझं तू बघ." तिनं बोटं पुसली. "गाणं कुठलं ते सांग. किती वेळ गप्प बसवायचं ते कळायला नको?"

तेव्हा अर्विननं एका जुन्या गाण्याचं नाव सांगितलं. नेल्डाला ते माहीत होतं. तिनं ताटलीच्या काठावर बोटांनी ताल धरला आणि दोघं हळू आवाजात गुणगुणू लागले. आत खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते. दोन कडवी बरोबर गेली. मग मधला स्टीलचा तुकडा आला, आणि नेल्डा अडखळली. तिनं जन्मभर तो ऐकला होता, पण रॉयसच्या हातचा. अर्विनचा वेगळा होता.

"हे मला येत नाही," ती म्हणाली. "तू म्हण, मी ताल धरते."

तो पुढे एकटाच गुणगुणत राहिला.