हिरवा ऑइलपेंट

शेजारी कोणी खिडकीला ऑइलपेंट मारायला घेतला, की त्या वासानं मला तो म्हातारा ड्रायव्हर आठवतो. भिलाईचा प्लांट तेव्हा उभा राहत होता, मी गॅरेजमध्ये मिस्त्री होतो आणि तो एका जुन्या ट्रकनं मरोद्याकडून गिट्टी आणायचा. एके सकाळी त्या ट्रकचा ऑइल प्रेशरचा काटा नाचायला लागला. एका खड्ड्याला शून्यावर, पुढच्या खड्ड्याला पुन्हा वर. "यानं तेल न घालता इंजिन जाळलंय, उद्यापासून याला माती उपसायला लावा," गॅरेजचे साहेब गरजले. मी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेपर्यंत होतं आणि इंजिनाचा आवाजही साफ होता. मग काट्याची तार जिथं इंजिनाला जोडलेली असते, तो पितळी बोल्ट उघडला, तर इंजिनाला वरून मारलेला ताजा हिरवा रंग त्याच्या आट्यांतही उतरलेला! त्या रंगामुळे धातूला धातू भिडत नव्हता, म्हणून काटा भरकटत होता. "आतमधी रंग कावून मारला, भाऊ?" मी विचारलं. तो खाली पाहत म्हणाला, "पोळा होता ना, मिस्त्री. गावची जोडी इकून इथं आलो. आता मले हाच एक बैल हाये." मी आटे खरवडायला घेतले, तसा त्यानं इंजिनावर हात ठेवला. "हळू करा जरा." काटा जागेवर आला. साहेबांना मी गंज होता म्हणून सांगितलं आणि बाकीचा रंग तसाच राहू दिला. पुढं निवृत्त होईपर्यंत, कुठल्याही इंजिनाला पाना लावण्याआधी मी त्याच्यावरून एकदा हात फिरवायचो. पोरं हसायची, हसेनात का.