बसलेल्यांनी सरकायचं

ॲडजस्ट हा शब्द मी शाळेत शिकले नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तोवर इंग्रजी आलंच नव्हतं. माहेरच्या सोसले गावाहून म्हैसूरला येणाऱ्या बसमध्ये तो कानावर पडला. दोघांच्या बाकाशी तिसरं कोणी येऊन म्हणायचं, "स्वल्प ॲडजस्ट माडी." म्हणजे थोडं ॲडजस्ट करा. बसलेली माणसं न बोलता सरकायची.

लग्नानंतर तो घरीही भेटला. ब्लाउज घट्ट झाला की शिंपी म्हणायचा, ॲडजस्ट होईल. गॅस उशिरा येणार असला की एजन्सीवाला तेच म्हणायचा. सासूबाईंनी स्वयंपाकघरात फडताळाखाली माझं अंथरूण दाखवलं, तेव्हा त्याही हेच म्हणाल्या. मी केलं. सगळ्याच करत होत्या.

माझी मुलगी इथे म्हैसुरातच, हेब्बाळच्या एका कंपनीत आहे. दुपारी कंपनीची बस नेते, रात्री सोडते. गेल्या वर्षी गावातल्याच बन्नीमंटपाकडची मंडळी तिला बघायला आली. आमच्यासारखीच, जुन्या फौजेतल्या मराठ्यांच्या घरची, निम्मं बोलणं कन्नडात. आमच्यात मुलीची आई पाहुण्यांसमोर बसत नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते.

उप्पीट झालं, कॉफी झाली. मुलगा माझ्या मुलीला आवडला होता, ते दिसत होतं. मग मुलाच्या आईने सांगितलं की सगळं पसंत आहे, फक्त दिवेलागणीला सून घरात हवी. तेव्हा नोकरी सोडायची.

"स्वल्प ॲडजस्ट करावं लागतंच की बायकांना," त्या म्हणाल्या.

आमचे हे कपात बघत राहिले. ते हो म्हणणार, हे मला कळलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. नोकरी सोडणार नाही, हे तिने आदल्या दिवशी भाजी निवडताना फक्त मला सांगितलं होतं.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. आवाज बारीक निघाला.

"अक्का, बसमध्ये बसलेली माणसं सरकतात, तेव्हा नव्या माणसाला जागा होते. ही तुमच्याकडे नवीन येणार. मग सरकायचं कुणी?"

मुलाने हसू येऊ नये म्हणून उप्पिटाची रिकामी बशी उचलली आणि परत ठेवली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी भलतंच घरात शिरलं आहे.

त्या बाईंनी कप खाली ठेवला, पदर सावरला.

"तुम्ही मघापासून उभ्याच आहात," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर सरकल्या. "या, बसा इथं."

मी बसले. सोफा लहान, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. जरा वेळाने त्यांनी मुलीला विचारलं, कंपनीची बस रात्री बन्नीमंटपाला नेमकी कुठे थांबते. तिने सांगितलं.

"तिथून आत अंधार असतो," त्या मुलाकडे वळून म्हणाल्या. "गाडी घेऊन तू जायचंस."