डावीकडे जाणारी गोळी

मी तोंडाचा फटकळ माणूस. मनात आलं की बोलून मोकळा, मग समोर कोण का असेना. थोरला भाऊ माझ्या अगदी उलट. आम्ही त्याला दादा म्हणायचो. धाड आणि बुलडाण्याच्या मधल्या डोंगरपट्टीत आमची शेती होती, एकाच घरात, एकाच चुलीवर आम्ही दोघं भाऊ नांदत होतो. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आज मी सत्तरी ओलांडली आहे आणि एका माणसाला सोडून ती मी कुणाला पुरती सांगितलेली नाही.

पीक राखायला म्हणून वडिलांनी एक रायफल घेतली होती. त्यांच्या मागं परवाना दादाच्या नावावर झाला, राखणदार म्हणून माझंही नाव त्यात होतं. पण रायफल खरी दादाचीच. पन्नास-साठ पावलांवर तो सांगेल तिथं गोळी लागायची. त्याच्या जोरावर आमचाच नाही, शेजारच्या पाच-सहा घरांचा भुईमूगही रानडुकरांपासून वाचायचा. बायामाणसं त्याला वाटेत थांबवून सांगायची, आमच्या वावरात काल येऊन गेले, जरा पाहा. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचा.

रायफलीचे मात्र त्याने फार लाड चालवले होते. भिंतीची ओल लागू नये म्हणून ती खुंटीवर अधांतरी टांगायची. नळी पुसायचं फडकं वेगळं, लाकूड पुसायचं वेगळं. खंडेनवमीला घरोघर औजारं, हत्यारं पाटावर मांडून पूजा होते, तेव्हा हा गडी काय करायचा, तर नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीवर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायचा आणि फक्त कुंद्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, कुंकवाचं एक बोट लावायचा. झाली पूजा. नांगराला, विळ्याला, कुऱ्हाडीला भरभरून हळदकुंकू, आणि ज्या वस्तूच्या जिवावर पीक हाती लागतं तिला एक बोट. मला ते पटत नसे. देवाच्या कामात कंजूषपणा करतो म्हणून मी त्याला दरवर्षी टोमणा मारायचो.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी वहिनींचे वडील आजारी पडले, म्हणून दादा आणि वहिनी सुलतानपूरला गेले. निघताना दादाने एवढंच सांगितलं, कुंद्यालाच कुंकू लाव, पुढं हात लावू नको. मी हो हो म्हटलं. पण पूजेच्या वेळी चार शेजारी आले, आरती झाली, आणि मला चेव आला. म्हटलं एकदा तरी हिची पूजा मनासारखी होऊ द्या. नळीच्या तोंडापासून कुंद्यापर्यंत ओलं कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वरून कुंकवात भिजवलेल्या अक्षता मुठीने टाकल्या. दसरा झाल्यावर सगळं नीट पुसून ठेवलं. वर दिसत होतं तेवढं पुसलं.

दादा परत आला त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे भुईमुगात डुकरं शिरली. तो गेला आणि साठ पावलांवरून त्याचा नेम चुकला. असं कधी झालं नव्हतं. होतं एखाद वेळी, असं आम्ही म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा चुकला. या वेळी त्याने गोळी कुठं गेली ते मातीत उकरून शोधलं आणि घरी आल्यावर म्हणाला, डावीकडे जाऊन राह्यली.

मग त्याने नाल्याच्या काठावर एका डब्याला चुन्याचा ठिपका काढून ठेवला आणि सकाळीच पोत्यावर हात टेकवून एक गोळी झाडली. ती ठिपक्याच्या चांगली वीतभर डावीकडे लागली. त्याने नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी हलते का ते पाहिलं, मागची खाच पाहिली, खालचे दोन्ही स्क्रू आवळले, नळी आतून पुसून काढली. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा एक झाडली, तर ती ठिपक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डावीकडे. तो बराच वेळ डब्याजवळ बसून राहिला. काडतुसं आम्हाला परवान्यावर ठरलेली मिळायची आणि ती आता पाचच उरली होती.

संध्याकाळी पारावर लोक बसले होते. दादा म्हणाला, नेम सरकून राह्यला, मला रायफल पूर्ण खोलून पाहावी लागेल. एकदा खोलली की नेम पुन्हा जुळवायला दोन-तीन काडतुसं जाणार, आणि इकडे डुकरं रोज वावरात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बंदुकीचा दोष असता तर गोळी रोज एकाच जागी चुकली असती. सकाळी चुकते आणि दुपारी लागते, हे लोखंडाचं लक्षण नाही, माणसाचं आहे. सकाळच्या अंधुक उजेडात दिसत नाही, उन्हात दिसतं, एवढंच. हिशेब लोकांना पटला. मलाही फार पटला. आणि त्याच्या तोऱ्यात मी दहा माणसांसमोर बोलून गेलो.

"दादा, बंदुकीले काही नाई झालं. तुहे डोये गेले."

दोघं-तिघं हसले. दादाने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, आमचं तिथंच कडाक्याचं भांडण झालं असतं आणि कदाचित रायफल त्याच्याच हातात राहिली असती. तो नुसता उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच डब्यावर नेम धरून एक गोळी मारली. ठिपक्याच्या मधोमध. बघायला आलेल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी रायफल आणून माझ्या खोलीत टांगली. दादाने पुन्हा एकदा येऊन खोलू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता हात लावू नको तिला.

चार दिवसांनी तो बाजार आहे म्हणून चिखलीला जाऊन आला. हातात काही आणलं नव्हतं. कुणी त्याला काही विचारलं नाही.

डुकरांचा त्रास वाढला तसा गावाने हाका काढायचं ठरवलं. ज्वारी उंच उभी होती आणि दिवसा डुकरं तिच्यातच दडून बसायची. डबे, थाळ्या, टिपऱ्या वाजवत माणसांनी एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूला मी रायफल घेऊन बसायचं. मी पहाटेच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन बसलो. दव इतकं पडलं होतं की धोतर मांडीला चिकटलं आणि रायफलीचं लाकूड हाताला ओलं लागत होतं. उजाडल्यावर हाकेवाले जमले. त्यांच्यात दादा होता. ज्याच्या नावावर परवाना, तो हातात रॉकेलचा डबा आणि काठी घेऊन उभा. लोकांनी पाहिलं, मीही पाहिलं. खरं सांगतो, मला तेव्हा जरा बरंच वाटलं. थोरल्यापेक्षा आपण वरचढ ठरलो, असं वाटलं.

डबे वाजू लागले. थोड्या वेळाने ज्वारीची ताटं हलली आणि एक दांडगा नर बाहेर आला. माझ्या डावीकडून उजवीकडे चालला होता, चाळीस पावलांवर, धावतही नव्हता. मी माशी बरोबर त्याच्या खांद्यामागं धरली आणि चाप ओढला. हात हलला नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण गोळी खांद्यात लागली नाही, मागं कमरेत लागली. डावीकडे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डुक्कर खाली बसलं, उठलं, आणि मागचे पाय ओढत पुन्हा ज्वारीत शिरलं, हाकेवाल्यांच्या दिशेने. मी ओरडलो. डब्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं असेल काय!

ते दादाच्या अंगावर गेलं. मी पोचलो तेव्हा चार जणांनी कुऱ्हाडींनी डुक्कर मारलं होतं आणि दादा ज्वारीच्या मोडलेल्या ताटांवर पडला होता. सुळ्याने मांडी आतल्या बाजूने वरपर्यंत फाडली होती. धोतरं फाडून बांधली तरी रक्त थांबेना. बैलगाडीत घालून त्याला धाडपर्यंत आणलं, तिथून जीप मिळाली. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बुलडाणा अजून लांब होतं. त्याने डोळे उघडले आणि मला वाटलं पाणी मागेल.

"डाव्या अंगाले गेली नं बे गोळी?"

त्याचं अंग थंड पडत चाललं होतं आणि तो मला गोळीचं विचारत होता. हो म्हणायला मला किती वेळ लागला असता? जीपमध्ये गावचे दोन जण होते, पारावर हसलेले. त्यांच्यासमोर हो म्हणणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "नाई दादा. डुक्करच फिरलं."

तो म्हणाला, "मंग माहंच चुकत होतं काय?"

मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो. बुलडाणा यायच्या आत तो गेला.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. एक घडी घातलेला कागद पुढं केला. चिखलीला डोळ्याचे डॉक्टर आले होते, त्यांनी लिहून दिलेला. दोन्ही डोळे चांगले, चष्म्याची गरज नाही, एवढंच त्यावर होतं. दादा बाजाराचं नाव सांगून त्यासाठी गेला होता. मी कागद हातात धरून विचारलं, मला का नाही दाखवला. वहिनी रडत नव्हत्या, त्यांचं रडणं संपलं होतं.

"मी म्हटलं त्याइले, भाऊजीले दाखवा. तं म्हणे, चार लोकांत लहान भावाले खोटं काऊन पाडू."

माझी मलाच शिसारी आली. मी खोलीत जाऊन रायफल खाली घेतली, अंगणात पोतं अंथरलं आणि खालचे दोन्ही स्क्रू काढले. दादाला जे मी करू दिलं नाही ते करायला मला पाव तास लागला. नळी लाकडातून सहज सुटली नाही, पुढच्या बाजूला अडकली. जोर लावून उचलली तेव्हा आत तांदूळ दिसले. सात-आठ दाणे, कुंकवाने लाल झालेले, लाकडाच्या खाचेत घट्ट बसलेले. नळीच्या एकाच अंगाला, उजव्या, त्यांचा तांबडा डाग उमटला होता. सकाळच्या दवाने ते फुगायचे आणि नळीला डावीकडे रेटायचे. दुपारच्या उन्हाने सुकायचे आणि नळी पुन्हा जागेवर यायची. सकाळी एक, दुपारी एक. लोखंडाचंच लक्षण होतं ते, आणि मी ते माझ्या भावाच्या डोळ्यांवर ढकललं होतं.

ते दाणे नखाने खरवडून मी तळहातावर घेतले. टाकून द्यावेत, रायफल पुन्हा जोडावी आणि गप्प बसावं, असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण जीपमधलं एक खोटं गिळून झालं होतं, दुसरं घशाखाली उतरेना. मी तसाच आत गेलो. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मी हात पुढं करून सांगितलं की हे बंदुकीत अडकले होते, यांच्यामुळेच गोळी डावीकडे जायची, दादाचं बरोबर होतं.

त्यांनी माझा हात उजेडाकडे ओढला आणि लाल तांदळाकडे बराच वेळ पाहिलं.

"खंडेनवमीले आमी तं सुलतानपूरले होतो," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.