समोरचे बुवा गेले

आधी तब्येती सांगा सगळ्यांनी. माझा आता माणसांवर भरवसा उरलेला नाही.

मुलुंडच्या सुमनताई, गुडघा काय म्हणतोय?

दत्ता, साखर खाली आली का, की अजून चोरून जिलबी चालू आहे?

बोरिवलीचे मामा, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? झालं असेल तर हे स्वतः वाचा, सुनेला वाचायला लावू नका.

मी बरा आहे. बीपी वाढलंय, पण ते रागानं.

आमचे गणूबुवा गेले. काल बारावं झालं.

जो तो फेसबुकवर टाकतोय, 'आरआयपी लेजंड'. खाली अर्ध्या मिनिटाची क्लिप. क्लिपमध्ये गणू एकटाच गातोय.

अरे, समोर मी बसलो होतो! मला कापून टाकलंत? मी मेलो नाही अजून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या कोकणातली डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. आणि मधल्या वेळात एकमेकांची यथेच्छ सालटी काढायची.

भांडुपपासून बोरिवलीपर्यंत, उभा जन्म आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो.

लोक विचारतात, बुवा, बारी रंगते कशानं? गळ्यानं? साऊंडनं?

साऊंडचं नाव काढू नका. आता एवढाले स्पीकर लावतात की छातीत धडधडतं, आणि घरी गेल्यावर एक ओळ आठवत नाही.

बारी रंगते समोरच्यामुळे.

मी नवी कवळी बसवली त्याच आठवड्यात घाटकोपरला बारी होती. गणूकडे कोणी चहाडी केली देव जाणे. पेटीवर हात टाकला आणि गवळणीच्या चालीत सुरूच झाला, की बाबलबुवांचे दात भाड्याचे आहेत, पहिल्या रांगेनं जरा सांभाळून बसा.

पब्लिक लोळायचं बाकी होतं. सगळ्यात मोठ्यानं हसत होती आमची ही.

मी सोडतोय होय? त्याचा कलप घामानं ओघळत होता. म्हटलं, "बुवानू, मेघ काळे झाले खरे, पण पाऊस कानामागसून पडता!"

गणू स्वतःच हसत पेटीवर आडवा.

आणि मग त्यानं डोळे मिटून असा अभंग धरला, की जे खिदळत होते तेच नाक पुसायला लागले. हसून हसून माणूस मोकळा झाला की अभंग आत उतरतो. मी कधी क्लासला गेलो नाही. हे गणूसमोर बसून कळलं.

शेवटची बारी दिवाळीनंतर, भांडुपला.

गणूनं सवाल टाकला: गोवर्धन करंगळीवर उचलला, तेव्हा मुरली कोणाच्या हातात दिली होती?

काय टाळ्या! माझी पाळी. मी पेटी पुढे ओढली, आणि माइकवर आवाज आला, "एक मिनिट हां बुवा, सत्काराचा छोटासा कार्यक्रम."

छोटासा!

बिल्डरचा सत्कार. बिल्डरच्या भावाचा सत्कार. मंडपवाल्याचा. पाण्याच्या बाटल्या ज्यानं दिल्या त्याचासुद्धा. शाली संपल्या तेव्हा दहा वाजले होते. स्पीकर बंद.

गणू पेटीला कुलूप लावत म्हणाला, "सुटलंस रे बाबल्या!"

"सुटलंय? उत्तर तयार आसा. आत्ताच सांगतंय."

"नको. माघी गणपतीत माइकवर दी. माका लोकांसमोर हरूचा आसा."

आणि माघी गणपतीच्या आधीच हा निघून गेला. उत्तर माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलंय. गिळता येत नाही, थुंकता येत नाही.

परवा भांडुपच्या त्याच मंडळाचा फोन. "बाबलकाका, श्रद्धांजलीची बारी ठेवतोय. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला एलईडीवर गणूबुवांचा फोटो. तुम्ही फोटोला उत्तर द्या. पब्लिक रडेल बघा!"

म्हटलं, "फोटो कधी हरतो काय रे? त्याला घाम फुटतो काय?"

काल बाराव्याला गेलो. गणूची लेक शीतल बँकेत आहे, चाळिशीची. बापाच्या मागे कोरसमध्ये झांज वाजवतच मोठी झाली. पानावरून उठलो तशी जवळ आली.

"काका, उत्तर काय होतं?"

"नाही सांगणार. समोर बसशील तेव्हा सांगेन." रागात बोलून गेलो.

"बसते."

"बारी येते तुला?"

"पेटी येते. टोमणे बाबांनी ठेवलेत. तुमच्यावरचे बरेच शिल्लक आहेत."

बाराव्याच्या घरात वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

मी तिथूनच मंडळाला फोन लावला. तर म्हणे, "बाईमाणूस समोर? पब्लिकला पटेल का? फोटोच बरा, काका."

"मग माझा पण फोटो लावा. दोन फोटोंची बारी करा आणि बिल्डरला ऐकायला बसवा."

तर मंडळी, बारी होणार. माघी गणपतीलाच. मंडप मिळाला तर मंडपात, नाहीतर आमच्या गल्लीत सतरंजी टाकून. शीतल समोर, मी इकडे.

अडचण एकच आहे. गणूचा कोरस पांगलाय. कोणी गावाला, कोणी विरारच्या पुढे. पोरगी एकटी गाणार नाही. झांज धरणारे, आवाज देणारे, नुसती मान डोलावणारे, जे कोणी असाल ते तिच्या मागे बसा. माझ्या मागे आलात तर परत पाठवीन. फुकटात जिंकायची मला हौस नाही.

उत्तर कमेंटमध्ये विचारू नका. ते आधी समोरच्या बाजूला द्यायचं असतं.

गणू, सुखान जा रे. तुझ्यासारखो दुसरो मिळाचो नाय माका.

आणि तुम्ही सगळे, नुसते हात जोडलेले इमोजी टाकू नका. कोण कोण बसणार, नावं लिहा. लवकर लिहा.