ओल्या मातीवरचे डोळे

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी अकरा वर्षं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केली. मी ख्रिस्ती. हे सांगितलं की लोक आधी थांबतात, मग हसतात, मग विचारतात, ‘चालतं का?’ चालत होतं. माझे वडील रोह्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हात त्यांच्याकडून आला. पण मला डोळे आखायला शिकवलं कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिरानं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. सकाळी कुंचला उचलण्याआधी मी डोळे मिटून, ‘प्रभू, हात स्थिर ठेव,’ एवढंच म्हणायची. पलीकडे आबा मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे. मग दोघांचंही काम सुरू व्हायचं.

राहायला मी वरसेत, रोह्याला लागूनच. आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायची पद्धत आहे. त्या पाटावर मूर्ती बसवून ती घरी आणायची. मी रोज एसटीनं पेणला जायची, म्हणून नागपंचमीच्या सुमाराला गल्लीतले सात-आठ पाट माझ्याच हवाली व्हायचे. कंडक्टर वैतागायचा. “बाई, संसार घेऊन निघालात का?” जड व्हायचे, पण मी ते पायाशी कधी ठेवले नाहीत. मांडीवर घेऊन बसायची. मला त्याचा अभिमान होता, अगदी फुशारकी म्हणा.

डोळे आखण्याआधी मूर्तीच्या पाठीवर टिचकी मारून ऐकायचं असतं. वाळलेली मूर्ती खणखणते. आत ओल असली तर आवाज बसका येतो, मग मूर्ती वाळायला परत फळीवर. एके साली समोरच्या घरातल्या काकींची मूर्ती हातात घेतली आणि आवाज बसका आला. मी ती फळीवर ठेवली. दुपारी आबांनीच ती परत आणली. स्वतः टिचकी मारली, मान डोलावली आणि म्हणाले, “वाळलीय गो. आख.”

आबांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. सगळ्या कारखान्याला ते ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी पुन्हा टिचकी मारली. बसकाच. पण ज्यांनी कुंचला धरायला शिकवलं त्यांना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना. मी डोळे आखले.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आतली ओल बाहेर फुटली आणि उजव्या डोळ्याची काळी रेघ गालावर ओघळली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, बाप्पा रडला. दुसऱ्या दिवशी, ख्रिस्ती बाईनं डोळे आखले म्हणून रडला. विसर्जनापर्यंत तर मी आमच्या चर्चमधलं मंतरलेलं पाणी रंगात कालवलं होतं. आमच्या मंडळीत असलं पाणीच नसतं, पण हे सांगू कुणाला? नळावर मी गेले की बायकांच्या गप्पा बंद व्हायच्या आणि हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज यायचा.

माझी आग आग झाली. बसले तर बसवेना, उठले तर काय करायचं ते सुचेना. घडी केलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायची. एकदा पेण आलं असं समजून अलीकडच्या गडबलाच उतरले आणि मागची एसटी येईपर्यंत रस्त्याकडेला येरझाऱ्या घालत राहिले. आवई काकींनीच उठवली, हे मी मनात पक्कं धरलं होतं. मूर्ती त्यांची, घर त्यांचं, दुसरं कोण बोलणार? त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून मी मागच्या वाटेनं लांबचा वळसा घालून स्टँडवर जाऊ लागले.

रविवारी उपासनेनंतर पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “प्रभूविरुद्धही खोटे साक्षीदार उभे केले होते. तो गप्प राहिला.”

मी फटकन म्हणाले, “त्याला रोज त्याच नळावर पाणी भरायला जायचं नव्हतं.”

पाळक हसले. मला हसू आलं नाही, पण त्यांचं म्हणणं माझ्याबरोबर घरी आलं. ज्याला खरं काय ते पुरतं माहीत आहे असा एक जण आहे, आणि तोही या खोट्यातून गेला आहे. स्पष्टच सांगते, या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढलं. कुणाला ते दुबळं वाटेल. वाटू दे.

फक्त एक अडचण होती. प्रार्थनेला बसले की मी सुरुवात करायची, ‘तुला ठाऊक आहे, मी काही केलेलं नाही,’ आणि तिथेच अडायची. कारण ज्याला सगळं ठाऊक, त्यानं तो बसका आवाजही ऐकला होता. लोक बोलत होते ते खोटं होतं, पण माझी बाजूही सगळी खरी नव्हती. चार दिवस मी या अडचणीला बगल दिली. पाचव्या दिवशी कारखान्याच्या शेठसमोर जाऊन उभी राहिले.

“माती ओली होती. मला कळलं होतं. तरी मी आखले.”

“वाळलेल्यांत ती आणली कुणी?” शेठनं विचारलं.

आबा चार हातांवर बसून कुंचले धूत होते. एक नाव घेतलं असतं तर मी सुटले असते आणि त्या वयात आबा घरी बसले असते. मी म्हणाले, “डोळे आखले मी. चूक माझी.”

“बाई, गिऱ्हाईक तुटतंय,” शेठ म्हणाले. “पुढच्या साली वरसेचे पाट आले तर कुंचला तुमचा. नाय आले तर माझा इलाज नाय.”

मला मूर्तींच्या बैठका रंगवायला बसवलं. दहा महिने मी गुलाबी पाकळ्या रंगवल्या. प्रार्थना तीच, हात स्थिर ठेव, जरी पाकळीला स्थिर हाताची फारशी गरज नसते. मनाची शांती वीज यायची-जायची तशी होती. आली की वाटायचं आता टिकेल, आणि नळावर कुणी नुसतं खोकलं तरी गेली.

नागपंचमी आली. गल्लीतून एकही पाट आला नाही. मीही कुणाचं दार वाजवलं नाही, तेवढा ताठा होता. रिकाम्या हातांनी एसटीत चढले, तर कंडक्टरनं विचारलं, “आज संसार कुठाय?”

चार दिवसांनी भर दुपारी कारखान्याच्या दारात काकी उभ्या. रोह्याहून एकट्या आलेल्या, घामानं निथळत, काखेत पाट. शेठ पुढे झाले तर त्यांना म्हणाल्या, “डोळं हिनीच आखायचं.”

“काकी, पण मागच्या साली तुमच्याच घरी...”

“रडला, व्हय. मी बघितला. माझा पोरगा मस्कतला, त्याला रजा गावली नाय. पाच दिस मी घरात एकटी रडत व्हते. माझ्यासंगती दुसरा कोण रडला? त्योच.” मग माझ्याकडे वळल्या. “आन तू? वरीसभर रस्ता बदललास. मी काय केला व्हता गो तुझा?”

माझी मान खाली गेली. जे माझ्या वाट्याला आलं म्हणून मी वर्षभर देवापाशी रडले, तेच मी मनातल्या मनात या बाईच्या माथी मारलं होतं. नळावरच्या बायका निदान एकमेकींशी तरी बोलल्या. मी तर काकींना विचारलंही नव्हतं.

काकींनी पाट माझ्या हातात दिला. “औंदा नको रडवू. औंदा पोरगा येनार हाय.”

शेठनं एका पाटावर शब्द पाळला. काकींची मूर्ती आबांनीच माझ्यापुढे आणली. टिचकी मारून मान डोलावली. “वाळलीय.”

मी टिचकी मारली. आवाज बसका.

“ओली आहे, आबा,” मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले. सगळा कारखाना थांबला. आबांनी मूर्तीच्या पाठीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“मला ऐकू येत नाय गो आता,” ते म्हणाले.

शेठनं ती मूर्ती उचलून परत फळीवर ठेवली. त्या दिवसापासून आबा मूर्ती आणून समोर ठेवायचे, टिचकी मी मारायची, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.