मास्तरांच्या गाडीचा गार वारा

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले आणि त्या चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातचं काम त्यांना एकदाही पसंत पडलं नाही. दुकान बंद केल्यावर हा स्वभाव त्यांच्या जुन्या गाडीच्या राशीला आला. तिची सगळी दुरुस्ती ते घरीच करायचे, आणि पुष्कळदा दोनदा करायचे.

परवा त्यांच्या लेकीला मुलगी झाली. आज अकरानंतर मायलेकी दवाखान्यातून निघणार होत्या. लेक जन्मली तेव्हा मास्तरांकडे नुसती सायकल होती. तिला घरी आणलं ते शेजाऱ्याच्या गाडीतून, आणि वाटेत तो तीनदा म्हणाला होता, "सीटवर डाग पडू देऊ नका हं." ते बोलणं मास्तरांच्या मनात अजून सलत होतं. नातीला आणायचं ते स्वतःच्याच गाडीतून, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गाडीचा एसी रुसला होता. बाळाला तापलेल्या गाडीत बसवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जावई भला माणूस. त्याने सकाळीच फोन केला.

"बाबा, अकरापर्यंत एसी दुरुस्त झाला तर उत्तम. नाहीतर मी टॅक्सी सांगतो, चालेल ना?"

"टॅक्सी कशाला? मी मेलोय का?" मास्तर म्हणाले खरे, पण फोन ठेवून मटकन पायरीवर बसले.

कालपासून ते गाडीत डोकं खुपसून होते. पंखा घोंघावायचा जोरात, पण जाळीतून वारा यायचा तो कुणी लाजत फुंकर घातल्यासारखा. म्हणून त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा काढला, पंखा उतरवला, पुसला, तारा घासल्या, सगळं परत बसवलं. फुंकर तेवढीच. दहा वाजले तेव्हा त्यांच्या शर्टातून घाम निथळत होता आणि मांडीवर एक स्क्रू उरला होता. तो कुठला हे त्यांना आठवेना.

बायको पाणी घेऊन आली. तिने आयुष्यभर त्यांच्या कोटांना काजं केली होती आणि त्यांची बोलणी खाल्ली होती.

"अहो, हिवाळ्यात हीटरचंही असंच होतं ना? गरम येत नव्हतं, आता गार येत नाही. म्हणजे वाराच कुठेतरी अडतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"बरं, नाही कळत. पण वारा जातो कुठून, ते तरी दाखवा."

मास्तरांनी तणतणत कप्प्यामागची पट्टी सरकवली आणि धूळ अडवणारा फिल्टर बाहेर ओढला. बाजारातला कागदी फिल्टर त्यांनी हिवाळ्याच्या तोंडावर फेकून दिला होता. त्याजागी कोटाच्या अस्तराचा, आत कॅनव्हास घातलेला, कडेला पायपिंग केलेला हा फिल्टर स्वतः शिवला होता. दृष्ट लागावी अशी शिवण!

बायकोने तो तोंडासमोर धरला. "ह्याच्या पलीकडे हात धरा." तिने गाल फुगवून फुंकर मारली. मास्तरांच्या तळहाताला काहीच लागलं नाही.

"धूळ नाही येत," ते पुटपुटले.

"धूळ नाही आणि वाराही नाही! गाडीला कोट घातलाय तुम्ही!" ती हसता हसता बॉनेटवर टेकली, चटका बसला तशी उडी मारून बाजूला झाली आणि पुन्हा हसू लागली. मास्तरांचं नाक आधी लाल झालं, मग त्यांनाही हसू फुटलं.

तयार कपड्यांच्या नावाने जन्मभर बोटं मोडलेला माणूस उन्हात धावत स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि तयार फिल्टर घेऊन आला. बसवायला दोन मिनिटं लागली. बटण फिरवताच बायकोच्या कपाळावरचे केस उडाले. अकराला पाच मिनिटं कमी होती. मास्तरांनी जावयाला फोन केला आणि घसा खाकरून एवढंच म्हणाले, "निघालोय."

दवाखान्याच्या दारातून लेक बाळाला घेऊन मागच्या सीटवर आजीशेजारी बसली. जावई पुढे बसला. मास्तर गाडी इतकी जपून चालवत होते की मागचे हॉर्न वाजवून दमले. दुसऱ्या चौकात लेक म्हणाली,

"बाबा, जरा कमी करा ना. हिला थंडी वाजतेय."

मास्तरांनी ऐकलं होतं, अगदी नीट ऐकलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "काय म्हणालीस बाळा? परत एकदा सांग."