एगोनची कवळी

जर्मनीतल्या वेट्झलारच्या आमच्या भिंगांच्या कारखान्यात एगोन ब्रेमर शेवटची झिलई करायचा. ज्या राळेवर भिंग घासतात ती कडक झाली तर काचेवर ओरखडे येतात आणि मऊ राहिली तर भिंगाचा आकार बिघडतो. एगोन राळेचा तुकडा दाताखाली धरायचा आणि म्हणायचा, "हं, जमली." त्याच्या काळ्या, किडक्या दातांना सगळे हसत, पण त्याच्या राळेवर कुणी शंका घेत नसे.

त्याच्या मुलीचं, इर्मगार्डचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "पपा, तिकडची माणसं बडी आहेत. फोटोत या दातांनी हसू नका हं."

एगोनने उरलेसुरले दात काढून कवळी बसवली. लग्नात तो तोंडभर हसला.

कामावर परतल्यावर त्याने राळ चावली, पुन्हा चावली. कवळीला काहीच कळेना. तरी सवयीने म्हणाला, "जमली." दुर्बिणीचं मोठं भिंग ओरखड्यांनी वाया गेलं.

"काय रे एगोन, दात जावयाला आहेर दिलेस की काय?" मुकादम क्रूगर ओरडला. सगळे हसले. एगोनही हसला, अगदी फोटोतल्यासारखा.

त्याला बांधणीला बसवलं. तिथे तो दुसऱ्यांनी घासलेली भिंगं कागदात गुंडाळू लागला.

नाताळात मी एगोनच्या घरी जेवायला होतो. इर्मगार्ड म्हणाली, "बरं झालं पपा, आता तुमचे हात तरी स्वच्छ राहतात."

एगोनने कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली आणि वाढलेलं ताट तसंच दूर सरकवलं.